मधलं पाणी

तार्तूत नोव्हेंबरात चार वाजले की दिवस संपतो.
तळघरातल्या खोलीत मी दिवा मालवते.
तावेत स्क्रू फिरवतो,
केसाच्या जाडीचा हजारावा भाग,
मग त्याचाही दहावा.
अभ्रकाचे दोन पापुद्रे, माझ्याच नखांनी सोललेले,
दोन्हींवर मेणचट थर, एका रेणूइतका.
मधे पाणी.

वहीत लिहावं लागतं, 'पाण्याला झिडकारणारा पृष्ठभाग'.
खोटं आहे ते.
पृष्ठभागाचं पाण्याशी काही वाकडं नाही,
पाण्यालाच पाणी हवं असतं.
प्रत्येक कण चारी हात पसरून उभा,
भिंतीपाशी एखादा हात रिकामा राहतो,
आणि रिकामा हात फार काळ सोसत नाही कोणाला.

तावेत चोवीस वर्षांचा.
त्याला वाटतं, आपण पाणी पिळून काढतो.
मी म्हणते, थांब. ढकलू नकोस.
एका अंतरावर त्यालाच कळतं
इथे आपलं काम नाही.
उठतं. वाफ होऊन जातं.

आमच्या गावात, पेइप्सी सरोवराच्या काठी,
शेजारी शेजारी दोन घरं,
मधे कांद्याच्या दोन वाफ्यांएवढा बोळ.
इकडे आई, उस्तीन्या. तिकडे मावशी, फेदोस्या.
एका होडीवरून बोलणं तुटलं ते मी जन्मायच्या आधी.
प्रार्थना झाली की दाढीवाले वडीलधारे समजावत.
पालथ्या घड्यावर पाणी.
दोन पालथे घडे,
आणि मधे मी.

"सांग तिला, वाटीभर मीठ दे."
"सांग तिला, वाटी धुऊन पाठव."

बोळ अरुंद म्हणून मी कधी अडखळले नाही, उलट.
बारीक नळीत पाणी रांग धरतं,
एकामागे एक, कुठेही न घासता धावतं,
हे फार उशिरा वाचलं.
पायांना आधीच ठाऊक होतं.
आणि वाटेत सांडतही असे मी बरंच काही.
इकडची 'कैदाशीण'
मधल्या बारा पावलांत 'ताई' होऊन तिकडे पोचायची.

सतराव्या वर्षी बसमध्ये बसले.
कोणी हाकललं नाही. भांडणही नव्हतं.
काचेतून पाहिलं तर दोघी आपापल्या दारात,
दोघींच्या हातात कांद्याची एकेक वेणी,
मला द्यायची राहिलेली.

फेब्रुवारीत पत्र आलं,
एकाच पाकिटात दोन हस्ताक्षरं.
समोवार आता एकच पेटवतो, लाकूड वाचतं.
फेदोस्याची खाट इकडेच आणली,
घोरते फार.
खाली दुसऱ्या शाईत: खोटं बोलते ही.

मला राग आला.
आनंद व्हायला हवा होता, तो झालाही,
पण राग आधी आला आणि मुक्कामाला राहिला.
म्हणजे इतकी वर्षं मीच मधे होते म्हणून
हा प्रश्न मी कधी पुरा केला नाही.
नोकरी घेतली. अभ्रक सोलायला शिकले.

"ग्लिकेरिया, बघा!"
रंगांच्या पट्ट्या थरथरतात,
एक झटका,
आणि पापुद्रे एकमेकांवर जाऊन आपटलेले.
तावेत घाईनं वेगळे करू पाहतो.
मधे एक पोकळी उमलते, गोल,
आत थेंबभरही पाणी नाही,
आणि तीच दोघांना धरून बसते.
"किती जोर लागला?"
मी आकडा सांगते. तो लिहून घेतो.
दशांशाखालचे तीन अंक पुन्हा विचारतो.

गेल्या उन्हाळ्यात घर विकायला गेले.
दोघींनी बोळावर फळ्या ठोकून छप्पर घातलं होतं,
दोन्ही टोकांना दारं.
भिंतीतले खिळे कोणाचे कुठले, ओळखू येईना.
माझ्या बारा पावलांवर
आढ्यापासून कांदे टांगलेले,
आणि जमीन
कोरडी ठणठणीत.