मिरची वाजली का

आठ दुकानांचं मी लिहितो.
कुठे महिना तीन हजार, कुठे दोनच,
चष्म्यावाले धनराजशेठ पैशाऐवजी फ्रेम देतात.
खोली स्टेशनरोडला, खाली मोबाइल दुरुस्ती,
रात्री सुरतची गाडी गेली की टेबल हलतं
आणि वाक्य एक अक्षर पुढे सरकतं.

"रोज काहीतरी टाकत राहा, भाऊ,"
सगळे सांगतात, जसं म्हशीपुढे वैरण.
मी टाकतो.
'पिढ्यान् पिढ्यांचा विश्वास',
हे मी चपलांच्या दुकानाखाली लिहिलं,
जे गेल्या आखाजीला उघडलं.
तेच बांगड्यांखाली, तेच केळीच्या वेफर्सखाली,
नुसते फोटो बदलत गेलो.
एकदा वेफर्सचं वाक्यच काढायचं राहिलं:
चपलांवर 'कुरकुरीत'.
कोणी काही बोललं नाही.
त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग योगराजने कांडपावर बोलावलं.
मसाले तीन: काळा, लाल, आणि एक भरताचा.
"आईला भेट, मग लिही. माल तिचा आहे."

आई पथारीवर होती,
नंदुरबारबाहेर, जिथे दिवाळीनंतर
जमीन म्हणून दिसत नाही, नुसती मिरची.
बाया तोंडाला फडकी बांधून ती उलथत होत्या
आणि मी, लेखक, सलग अकरा वेळा शिंकलो.

"काय लिखशी?"
मी वाचून दाखवलं:
अस्सल, शुद्ध, पारंपरिक, घरगुती, मायेचा.
"माया कितली टाकनी पडस, किलोले?"
मी गप्प.
"मन्हं नाव कौतिक शे. तितलं कौतिक पुरे."

तिने एक मिरची उचलली,
माझ्या कानाशी धरून हलवली.
काही नाही.
दुसरी. काही नाही.
तिसरीत बिया वाजल्या,
पाळण्यावरच्या खुळखुळ्याहून बारीक.
"वाजस ती वाळेल. नही वाजस ती वल्ली."
परवाच्या ढगांनी अर्धी पथारी मुकी होती.
"आज दळनं नही. हाई लिख."

मी लिहिलं:
आज मिरची ओली आहे. कांडप बंद.
शुक्रवारी कानाला लावून बघू.

योगराज भडकला.
"बंद दुकानाची जाहिरात करतं का कोणी?
आणि त्याचे पैसे मी द्यायचे?"
खरंच होतं. त्या दिवशी एक पाकीट खपलं नाही.
गुरुवारीही नाही.
शुक्रवारी सकाळी उधन्याहून फोन,
यंत्रमागावरचा कोणी, मूळचा तळोद्याचा,
आवाजामागे नुसती खडखड:
"वाजली का मिरची?"
योगराज म्हणाला, कोण? काय वाजलं?
त्याने पाव किलो मागवला.
पाव किलो. बस.
कुरियरचाच खर्च निम्म्याला भिडला.
कौतिकबाईने मात्र पाकीट स्वतः शिवलं
आणि पत्ता दोनदा वाचून घेतला.

हे चपलावाल्या हिलालशेठच्या कानावर गेलं.
"माझंही तसं लिही ना, खरंखरं."
मी वही काढली.
"सांगा, चपलेत काय कमी आहे?"
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"डाव्याचा अंगठा," मग हळूच,
"उसवतो. पाण्यातून गेलं की. महिन्यात."
आणि लगेच: "हे नको लिहू."

लिहिलं आहे. टाकलं नाही.
आत्ताच गाडी गेली, टेबल हललं,
मी फोन कानाशी धरला
आणि ते वाक्य हलवून पाहिलं.
कोणी बघितलं असतं तर?
सकाळी पुन्हा पथारीवर गेलो होतो,
देठं खुडत बसलो, सांगायचं राहिलं.
हसता हसता डोळा चोळला.
आता रात्रभर लिहिणं नाही.