उसवण

रात्री पावणेदोनला सापडलं.
कुंडलिकेच्या पुलापलीकडे कुणाच्या तरी बोअरची मोटर घुमत होती,
नळ यायचा होता सकाळी, नवव्या दिवशी,
अर्धी गल्ली हंडे रांगेत लावून
अर्धवट झोपलेली.

माझं काम कोंडायचं.
अनोळखी अॅपला एक खोली द्यायची,
खोलीत त्याचंच घर, त्याचीच भांडीकुंडी,
त्याला वाटावं एवढंच जग आहे.
बाहेरचं काही लागलं तर दारावरच्या पहारेकऱ्याला मागायचं.
पहारेकऱ्याकडे मात्र
सगळ्या जालन्याच्या किल्ल्या.

तो आधी बघतो:
फाइल ह्या कोंडलेल्याचीच ना? हो.
मग वळतो, उघडतो.
बघणं आणि उघडणं यांच्या मध्ये
एक वळणं आहे.
तेवढ्यात कुणी फाइल काढून तिथं नुसती पाटी लावली,
‘इकडे जा’,
तर तो बिचारा पाटी वाचतो, जातो,
आणि खिडकीतून आणून देतो
मालकाची पासवर्डांची वही.

हजारात तीनदा जमतं.
यंत्राला हजारदा करायचा कंटाळा नसतो.

कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात.
इथं कुंपणाला भूकही नव्हती,
फक्त मान वळवायची सवय.

ओळ दोनशे सतरा. कुणी लिहिली म्हणून इतिहास उघडला:
प्रणाली घायतडक, तीन वर्षांपूर्वी.
म्हणजे मी.
शेजारी माझीच टीप:
इथं पुन्हा बघायला हवं.

अप्पा पाचला उठले.
एकवीस वर्षं त्यांनी बियाण्यांच्या कंपनीत
थैल्यांची तोंडं शिवली;
औषधाचा गुलाबी रंग अजून
नखांच्या कडेला आहे.
त्यांना सांगितलं. दोरा ताणून बघावा तसं ऐकलं त्यांनी.
“आमच्याकडं बी झालंतं,” म्हणाले.
“लेबल खरं, शिक्का खरा, माल दुसराच.
काट्यापासून शिलाईपर्यंत थैली चार पावलं उघडी चालायची.
चोरी थैलीत नाही झाली बाई,
चार पावलांत झाली.”
मग काय केलं?
“काटा उचलून मशीनखाली आणला.
आधी धर. धरूनच बघ. बघून झाल्यावर बी सोडू नको.”

नळ आला. हंडे वाजले.
मी चार ओळी काढल्या, सहा घातल्या:
आधी उघडायचं, हातात धरायचं,
जे धरलंय त्यालाच विचारायचं, तू कोण.

चौदा दिवस गप्प बसायचं ठरलं,
दूरच्या तिघांनी आणि मी.
त्यात एकदा मोंढ्यातल्या दुकानात
मावसभाऊ कुणाच्या तरी लॅपटॉपवर तेच टाकत होता.
नंतर टाक ना, म्हणाले.
“काहून?”
असंच.
त्यानं टाकलं. गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं,
लॅपटॉप पिशवीत, पिशवी स्कूटीला.

पंधराव्या दिवशी चुकीला नंबर मिळाला,
घातकपणाचे गुण, दहापैकी आठ पॉइंट दोन.
शाळेत मला इतके कधी पडले नव्हते.

अप्पांनी विचारलं,
“थैल्या परत आल्या का?”
येतील. लोक अपडेट करतील हळूहळू.
“आन् ज्यांनी पेरलं?”

मी स्क्रीनकडे बघत राहिले.
ओळ आता दोनशे एकोणीसवर सरकली आहे.
टीप मी खोडली नाही.