ओला की सुका

साडेबाराला शेवटचं टेबल उठतं.
भट्ट्या विझल्या तरी पत्रा तासभर धुमसत राहतो,
म्हणून आम्ही मागच्या दारात पोत्यावर बसून चहा पितो.
मी आणि अंतरसिंग, देपालपूरचा,
वीस वर्षांचा, खांद्यांनी अरुंद.
ह्या धंद्यात अरुंद खांदे म्हणजे डिग्री.

पोरवाल शेठ म्हणतात, मागच्या दिवाळीतच साफ केलंय,
वाकून टॉर्च मारा, आरसा आहे आरसा.
मी वाकतो. आहे खरा आरसा,
हात पोचतो तिथवर.
जिथे नळकांडं काटकोनात वळतं
तिथे आरसा संपतो
आणि सुरू होते ती वस्तू
जिला माझ्याकडे शब्द नाही.
आई लोणी कढवायची तेव्हा तळाला बेरी राहायची,
साखर घालून आम्ही चमच्यासाठी भांडायचो.
ही बेरी नव्हे.
वरून काळी, आत पिवळट,
बोट रुतलं तर बोटाचा आकार
जपून ठेवणारी.

कपाटं, फ्रीज, मसाल्याचे डबे
प्लास्टिकखाली झाकून झाले.
जाळ्या कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात बुडवल्या,
पाणी लगेच चहाच्या रंगाचं झालं.
मी खिशातून कंगवा काढला.
अंतरसिंगला पहिल्यांदा वाटलं होतं
दादा भांग पाडतायत.
कंगवा थरात रोवायचा,
किती दात बुडाले ते मोजायचं.
इथे सगळे बुडाले, वर माझी दोन बोटं.

मग तो आत.
गुडघे दिसतात, मग टाचा, मग फक्त आवाज,
पत्र्यातून येणारा, त्याच्या वडिलांच्या वयाचा.
पट्टीचा खरर्र, आणि बादलीत पडतं ते
धप्प.
शेणासारखं धप्प.
हे लग्नसराईचं असणार.
हे नवरात्रातलं, कांद्याशिवायचं.
हे रंगपंचमीच्या गेरीनंतरचं,
रंगलेल्या हातांनी भजी मागत
राजवाड्यावरून अख्खं शहर इथे आलं होतं.
लोक खाऊन घरी गेले,
त्यांचा वास मात्र वर चढून बसला.

अडीचच्या सुमारास खरर्र थांबला.
"दादा, इकडे आधीच काहीतरी जळलंय."

मी शिडीवर. डोकं आत.
हातभर जागा, राख झालेली,
पत्र्यावरचं जस्त उडालेलं, पांढरे फोड.
कुठल्याशा रात्री ज्वाळ इथवर आली होती,
इकडेतिकडे पाहिलं असेल तिने,
आणि कशाने कोण जाणे, परत गेली होती.
खाली सात नंबरवर कुणी
बाफले चुरत बसलं असेल,
तुपाची वाटी आणखी मागितली असेल.

शेठना शिडीवर चढवलं. धोतर नव्हे, पँट,
तरी सावरत चढले.
बराच वेळ डोकं आतच.
उतरले तेव्हा कपाळाला काळी रेघ,
ती त्यांना कुणी सांगितली नाही.
म्हणाले, कापा.
वळणावर दार कापा, बिजागरीचं.
पैशांचं पुढे काही बोलले नाहीत.
मीही नाही, पण अंतरसिंग बोलला. बरं झालं.

पहाटे चार डबे भरून रस्त्याकडेला.
पंचेचाळीस किलो, वरचेवर धरून.
माझ्या पँटला दोन कुत्री हुंगत होती
आणि दुभाजकावरच्या पाटीत
शहर स्वतःची पाठ थोपटत होतं.
गाणं वाजवत गाडी आली.
रामकन्याबाईंनी झाकण उघडलं, नाक मुरडलं नाही,
फक्त विचारलं,
"भैया, गीला है कि सूखा?"

मी डब्यात पाहिलं.
अंतरसिंगने पाहिलं.
कंगव्याच्या खुणा अजून तशाच होत्या.
गाडीचं गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं.
"बताओ ना," त्या म्हणाल्या,
"आगे पूरी गली बाकी है."