निळं न होणं

घरी बंब होता, तांब्याचा.
शनिवारी आई परसात बसून
चिंचेच्या कोळानं घासायची त्याला,
आणि हिरवटकाळा थर सुटून
चिंचेचा हात धरून मोरीत वाहून जायचा.
धातूला कोण कसं धरतं
हे मी तिथं पाहिलं. नाव नंतर कळलं.

आता विद्यापीठात, दुसऱ्या मजल्यावर,
सागरमाळाकडचा वारा खिडकी आपटतो
आणि मी त्याला धरणारे हात तयार करते:
दोन नायट्रोजन, दोन ऑक्सिजन,
मधे तांबं, पाटावर बसल्यासारखं.
वर एक जागा मुद्दाम सैल,
पाण्याचा एक रेणू तिथं नुसता टेकलेला,
पाहुणा आला की उठणारा.

पाहुणा म्हणजे सुपरऑक्साइड.
आपल्याच श्वासातून सुटलेलं,
एका इलेक्ट्रॉननं जड झालेलं,
दिसेल त्याला चावणारं.
तांबं एकाकडून तो इलेक्ट्रॉन घेतं,
दुसऱ्याला देऊन टाकतं,
पुन्हा रिकामं.
हातउसनं असं फेडावं.

स्फटिक मात्र सात महिने आले नाहीत.
नुसता गाळ. हिरवा, चिकट,
काकवीच्या डब्याच्या तळासारखा.
मगदूम सर म्हणाले, रचना नाही तर काहीच नाही.
मग दिवाळीनंतर, कपाटामागे विसरलेल्या
एका बाटलीच्या काठाशी
सहा-सात सुया, मोरपंखी.
मी झाकण हळूच परत लावलं
आणि एकटीच हसले.

चाचणीच्या दिवशी बाबालालमामा
फरशी पुसता पुसता थांबले.
"ताई, ती नळी निळी झाली, ही का हुईना?
बिघडलं व्हय?"
नाही मामा. निळं न होणं हेच तिचं काम.
ते बघत राहिले थोडा वेळ.
"म्हंजी, काय झालं न्हाई, ते झालं."
प्रबंधात हे वाक्य घालता येत नाही.

खऱ्या एन्झाइमपुढे माझं तांबं
शंभरपट सावकाश. तक्त्यात तसंच लिहिलंय.
भोवती प्रथिनाच्या घड्या नाहीत,
पाहुण्याला आत ओढणारा उंबरा नाही,
उघड्यावर बसलंय बिचारं.
शिवाय विझवतानाही मागे पेरॉक्साइड ठेवतं,
त्याला आणखी कुणी लागतं.

बंब गेल्या वर्षी मोडीत गेला, गीझर आला.
वजनाचे पैसे आईनं माझ्या हातावर ठेवले,
तुझ्या त्या बाटल्यांना, म्हणाली.
मी रंकाळ्यावर जाऊन भेळ खाल्ली.

झाकण तेवढं काढून घेतलं होतं.
टेबलावर आहे. कडेनं हिरवं होतंय.
चिंच आणून ठेवलीय,
घासलं नाही अजून.