सतरा शेअरांचे अडुसष्ट रुपये

फॉर्म आलाय, मंगळवारपर्यंत द्यायचा.
रोख हवी तर शेअरमागे चार रुपये,
नाहीतर पन्नासाला एक नवा शेअर, दर दोनशे धरून.
खूण न केल्यास रोख समजण्यात येईल.

आमचे चारशे सतरा.
बापाच्या नावाचे होते, आता माझ्या.
सिद्धरेखा होल्डिंग्ज. तिच्या पोटात
अक्कलकोट रोडची टॉवेलची गिरणी,
मंद्रूपकडचा अर्धा साखर कारखाना,
एका सिमेंटवाल्यात सव्वीस टक्के,
होटगी रोडची भाड्यानं दिलेली गोदामं,
आणि एक छोटी फायनान्स कंपनी, जिच्याबद्दल
अहवालात इतकं गोड लिहिलंय
की मी पेन्सिलीनं तिथं प्रश्नचिन्ह काढलंय.

रात्री ताट सारून बेरीज मांडली.
टॉवेलांना कमाईच्या आठपट,
साखरेला पाचच, ऊस आणि सरकार दोन्ही लहरी.
सिमेंट बाजारभावानं. गोदामं भाड्यावरून.
फायनान्सला निम्मं धरलं, तेही मन मोठं करून.
कर्ज वजा. पुण्यातल्या कचेरीचा काचेचा मजला,
साहेबांचे दोन ड्रायव्हर, दहा वर्षांचे, वजा.
तरी शेअरला तीनशे चाळीस उतरतात.
बाजार देतो दोनशे बारा.

आई जागीच होती.
मधले कुठं गेले, म्हणाली.
कपाट काचेचं आहे, मी म्हटलं,
आतलं सगळं दिसतं,
पण किल्ली त्यांच्या कमरेला.
त्याची सूट बाजार कापून घेतोच.
मग नगद तीस्को, ती कूस बदलत म्हणाली.
किल्ली नाही त्या कपाटात आणखी कशाला कोंबतेस?

नव्या पेठेतला रेवणसिद्ध म्हणतो, घ्या की ताई,
तीनशे चाळीसचा माल दोनशेत.
तो दलाल, त्याला सगळंच घ्यावंसं वाटतं.
पण सगळ्यांनी शेअरच घेतले, तर
भाकरी तेवढीच, तुकडे जास्त.
रोख घेणाऱ्याचा तुकडा बारीक होतो
तेव्हाच आपला जाड.

आई हे मला न शिकता सांगू शकते.
गिरणी बंद पडायच्या आदल्या दिवाळीला
बोनस निम्मा रोख, नाहीतर पूर्ण चादरींत, असं ठरलं.
बापानं चादरी घेतल्या. चौदा.
ताणा मीच भरलाय, म्हणाला, मला ठाऊक आहे काय आहे त्यात.
सायकलला बांधून विजापूर वेशीत गेला
तर तिथं सगळं खातं उभं,
यादगिरी, अंबय्या, रात्रपाळीचा इरेश,
प्रत्येकाच्या कॅरियरवर तोच मोर, तीच किनार.
दुकानदार हसला आणि निम्मा भाव बोलला.
बाप तेरा विकून आला.
चौदावी आत्ता आईच्या अंगावर आहे,
मोराचं पीस गुडघ्यापाशी विरलंय.

बापाला धागा ठाऊक होता, तरी भाव कळला नाही.
मला भाव कळतो म्हणे,
धागा कुठं बघितलाय मी?
सिमेंटची ती भट्टीसुद्धा फोटोतच.

सोमवारी संध्याकाळी शेअरच्या चौकोनात खूण केली.
कारण विचारू नका. बेरीज तीनदा तपासली होती, हे खरं,
आणि फी भरायची नव्हती कुणाची यंदा,
हेही.

आठ शेअर जमा झाले.
सतरांना पन्नास पुरेनात, म्हणून
त्यांचे रोख आले, अडुसष्ट रुपये.
बँकेतून काढून मी आईच्या हातावर ठेवले.
तिनं मोजले. पुन्हा मोजले.
शेंगाचटणी पाव किलोसुद्धा येत नाही यात, म्हणाली,
आणि नोटा चादरीखाली सारल्या.

मग बराच वेळानं, मी दिवा घालवल्यावर,
अंधारातून:
त्या आठांना पण पुढच्या वर्षी
चार-चार मिळणार ना गं?

दिले तर.

बत्तीस, ती म्हणाली.