एक पान कमी

अर्जात एक रकाना आहे:
गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर किती दिवस होतात?
देश म्हणजे इथला, कोलंबसचा,
मार्चमध्येही दाराशी फावडं ठेवायला लावणारा.
बाहेर म्हणजे जेल रोड, नाशिक रोड, दुसरा मजला,
खिडकीतून प्रेसची भिंत आणि भिंतीवरच्या तारा.

त्या भिंतीच्या आत अण्णा एकतीस वर्षं होते.
पासपोर्टच्या पानांवर आकडे उमटायचे, ते तपासायचे.
उजव्या अंगठ्याला रबरी टोपी, ओठांत आकडा,
आणि पाळी संपताना एक जरी पान कमी भरलं
तर गेट उघडायचं नाही. कुणालाच.
एका रात्री सगळी पाळी साडेतीन तास उभी,
पान निघालं क्षेमकल्याणींच्या टेबलाखाली, चिकटलेलं.
आईनं त्या रात्री पिठलं तीनदा गरम केलं.
अण्णांनी स्वतःचा पासपोर्ट कधी काढलाच नाही.
"मला कुठं जायचंय?" म्हणायचे,
अख्ख्या देशाच्या जाण्याची सोय करून.

मग त्यांची उजवी बाजू गेली
आणि मी आले.
येण्याआधी परत शिरायचा परवाना मागून ठेवला होता,
दोन वर्षं चालतो. मला वाटलं, झालं.
वकीलबाई फोनवर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.
परवान्यानं कार्ड राहतं, म्हणाल्या, मोजणी राहत नाही.
सहा महिन्यांच्या आत आलात तर सहसा कुणी हटकत नाही.
त्यापुढे विचारतात: घर ठेवलंत का, नोकरी ठेवलीत का, कर भरलात का.
वर्षाच्या पुढे विचारतही नाहीत.

तिकीट काढलं तीनशे अठ्ठावन्नाव्या दिवसाचं.

देवळाली कॅम्पहून फिजिओ यायची, रेबेका.
एका वाटीतले वाल दुसऱ्या वाटीत, डाव्या हातानं नव्हे,
दुखऱ्याच हातानं, एकेक, मोजून.
अण्णा अकरापर्यंत जायचे. अकरालाच वाल सांडायचा.
किती महिने अकरा.
आदल्या रात्री माझी बॅग दारात, वजनकाट्यावरून उतरलेली,
आणि अण्णा बारा म्हणाले.
तेरा. एकोणीस. सव्वीसला थांबले, घोट गिळला.
चाळीसला मान वर करून, वाकड्या तोंडानं,
"किती राहिले?"
ते वालांबद्दल विचारत होते.
मी बॅग उघडली.

पुढे सत्तेचाळीस दिवस.
शंभरापर्यंत काही पोहोचले नाहीत. ब्याण्णव.

आता नवा हिशेब: परतल्या तारखेपासून
चार वर्षं आणि एक दिवस.
"तो वरचा एक दिवस कशासाठी?"
"नियम आहे," वकीलबाई म्हणाल्या, आणि जरा थांबून,
"जायचा दिवस आणि यायचा दिवस मात्र हजेरीत धरतात."

म्हणजे ज्या पहाटे मी निकाळे वहिनींकडे किल्ली दिली,
त्यांनी हातावर दही घातलं आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही,
प्रेसचा भोंगा व्हायचा होता,
पलंगाची गादी उभी करून ठेवलेली,
तो दिवस, दिवसभर सूर्याच्या पुढे पळत
संध्याकाळी इथे उतरला म्हणून,
कायद्याने इथला.
जेल रोडला मी त्या पहाटे नव्हतेच.

स्वयंपाकाच्या टेबलावर पासपोर्ट उघडा.
अंगठ्याला अण्णांची टोपी, रबर आता चिरलेलं.
एकेक शिक्का, एकेक तारीख, ओठांत आकडा.
रकान्यात भरायचे ते दिवस एक,
मला आठवतात ते एकाने जास्त.

पुन्हा मोजते.
बाहेर बर्फावर कुणाचं तरी फावडं घासतंय.
पाळी कधीच संपली आहे.
गेट बंद.