लहान आकडा

दवाखान्यातल्या संगणकाला दोन वाटा होत्या.
एक निळी वायर, भिंतीतल्या भोकातून पलीकडच्या खोलीत,
ईसीजीच्या यंत्रापर्यंत. सात पावलं. पुढे काही नाही.
दुसरी वाट दिसत नसे. चर्चमागच्या खांबावरून ती
खाली दरीत उतरायची, वाऱ्यात अडखळत,
आणि मग कुठेही जायची.

संगणकाचा जीव वायरीवर.
वायर खोचली की इंटरनेट बंद.
वायर काढली की यंत्र मुकं.
पाच हिवाळे मी टेबलाखाली काढले,
गुडघ्यांवर, दातांत टॉर्च धरून.
खोच. आलेख घे. काढ. पाठव.
झुगदीदीहून डॉक्टर लामारा विचारायच्या,
"म्झेविनार, इतका वेळ? माणूस आहे ना अजून?"

शेवटी आला तो रुग्णच.
खांब दुरुस्त करायला आलेला गोचा
बर्फावरून घसरला नि घोटा मोडून बसला.
प्लास्टर वाळेपर्यंत खुर्चीवर पाय टाकून
त्याने मला दोनदा टेबलाखाली जाताना पाहिलं.
"ताई, खाली काय हरवलंय?"

सांगितलं. हसला नाही, हे मला आवडलं.
म्हणाला, "याला एवढंच शिकवलंय की वायर वेगवान.
ती जाते कुठे, हे कोणी सांगितलंच नाही.
जगाचा पत्ता विचारला तरी हा
शेजारच्या खोलीचं दार ठोठावत बसतो."

मग त्याने एका चौकोनातली खूण काढली.
'आपोआप' असं लिहिलं होतं तिथे.
वायरीपुढे साठ लिहिले,
न दिसणारीपुढे दहा.
"साठ मोठे ना?" मी म्हटलं.
"इथे आकडा म्हणजे खर्च.
ज्याचा लहान, तो आधी."
"आणि यंत्र?"
"यंत्राचं घर वायरीवरच आहे, त्याची हाक तिकडूनच जाईल.
ज्यांचं घर ठाऊक नाही, ते सगळे इकडून."
फीऐवजी मीच त्याला चीजचा एक गोळा दिला.
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पाय वर करून, तो गेला.

आता आईचं सांगते.
आई बारीला असते, इटलीत,
एका म्हातारीला भरवते, धुते, कूस बदलून देते.
रविवारी, म्हातारीचा डोळा लागला की
ती या संगणकावर यायची.
आणि दर रविवारी कुणीतरी छाती धरून यायचंच.
मी वायर खोचायची.
आई गोठायची: तोंड अर्धवट उघडं,
एक हात केसांकडे निघालेला.
अशा किती आया माझ्याकडे साठल्यात,
सगळ्या एखाद्या शब्दाच्या अलीकडे थांबलेल्या.

त्या रविवारी बेसारिऑन आजोबा आले,
लोकरीची टोपी काढायला तयार नव्हते.
"टोपी असू द्या, सदरा काढा," म्हणत
मी चकत्या चिकटवल्या. वायर खोचलेलीच होती.
पलीकडे यंत्र कुरकुरत कागद सोडू लागलं,
आलेख झुगदीदीला गेला,
आणि पडद्यावर आई
हलत राहिली.

केसांकडे निघालेला हात केसांपर्यंत पोचला.
केस पांढरे झालेत, मला माहीत नव्हतं,
किंवा माहीत होतं, हलताना पाहिले नव्हते.
ती सूपबद्दल बोलली. मीठ चालत नाही म्हातारीला.
मग दोघी गप्प.
एवढी अखंड शांतता तिकडून
पहिल्यांदाच आली, मध्ये कुठेही न तुटता.

मी विचारलं, "कधी येतेस?"
दर रविवारी विचारते.

आईने चेहरा स्थिर ठेवला.
पापणी हलवली नाही. तोंड अर्धवट उघडं.
हुबेहूब.
मागे इटलीतला पडदा मात्र
वाऱ्यावर हलत होता.

मी टेबलाखाली पाहिलं.
आता तिथे माझं काहीच काम नव्हतं.